हार्लनच्या पाठीचा पुरावा

"तुझ्या पाठीला डोळे आहेत, हार्लन," ड्वेन जेवता जेवता म्हणाला. "जड वस्तू नुसती लांबून दिसली, की दुखायला लागते."

बोर्गिल्ड म्हातारी हसली. हार्लनची बायको मार्लिससुद्धा हॉटडिशच्या, म्हणजे भट्टीत भाजलेल्या मांस-बटाट्यांच्या, भांड्यात बघून जराशी हसली, निदान हार्लनला तरी तसं वाटलं. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

विषय पियानोचा होता. बोर्गिल्ड ही ड्वेन आणि मार्लिसची आई, नव्वदीला टेकलेली. शेतावरचं घर सोडून ती मुलाकडे राहायला आली होती. कपडे आले, भांडी आली, वारलेल्या नवऱ्याचे बूटसुद्धा आले. राहिला होता तो पियानो. ओकच्या लाकडाचा, उभा, गाभण गाईएवढा जड. गेल्या कित्येक वर्षांत त्याला कोणी बोट लावलं नव्हतं, पण तो आल्याशिवाय म्हातारीला चैन पडणार नव्हतं. ड्वेनने पुढचा रविवार ठरवला होता. तो स्वतः, शेजारचे दोघे, आणि चौथा कोपरा हार्लनचा.

"मला जमणार नाही. माझी पाठ," एवढंच हार्लन म्हणाला होता, आणि त्यावर मेहुण्याने हे डोळ्यांचं ऐकवलं होतं.

आता खरी गोष्ट अशी, की हार्लन टॉलेफसनची पाठ दुखत होती. उभ्या आयुष्यात त्याने शाळेची बस चालवली. त्या बसच्या सीटने आणि तालुक्यातल्या सगळ्या खड्ड्यांनी मिळून त्याच्या कमरेत जी पाचर ठोकली, ती निवृत्तीनंतरही निघाली नव्हती. पण पाय मोडला तर प्लास्टर तरी दिसतं. लोक त्यावर सह्या करतात, दार उघडून धरतात. पाठीचं काय दाखवणार? एक्स-रे काढले तर तेही स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, वयाप्रमाणे ठीक आहे. वयाप्रमाणे ठीक! हे ऐकायला हार्लन तिथवर गेला होता का?

त्यात त्याचा जन्म मिनेसोटाच्या या भागात झालेला. इथली वस्ती जुन्या नॉर्वेजियन शेतकऱ्यांची. इथे स्वतःच्या दुखण्याबद्दल बोलणं म्हणजे चारचौघांत ढेकर देण्यासारखं. कणसं काढण्याच्या यंत्रात बोट गेलेला माणूस हाताला फडकं गुंडाळून दुकानात येतो, आणि कसं काय विचारलं तर म्हणतो, "तक्रार करण्यासारखं काही नाही." हार्लनचे वडील तसलेच होते. पण आई उत्तरेकडच्या खाणींच्या गावातली, इटालियन. तिच्या माहेरी कोणाची दाढ दुखली तर सगळ्या गल्लीला कळायचं. हार्लन आईवर गेला होता. दुखलं की तो "दुखतंय" म्हणायचा. आणि जो म्हणतो त्याला काहीच होत नसणार, असा इथल्या लोकांचा पक्का हिशेब. एवढा उघड अन्याय भरदिवसा, चर्चला जाणाऱ्या लोकांकडून होत होता, आणि कोणाला त्याची लाज नव्हती.

म्हणून औषधांच्या दुकानातली ती जाहिरात वाचल्यावर हार्लनचे डोळे चमकले. शहरातल्या विद्यापीठाला जुनी कंबरदुखी असलेली माणसं हवी होती. ती कशी चालतात ते कॅमेऱ्यांनी टिपायचं होतं.

"यंत्र!" तो मार्लिसला म्हणाला. "यंत्राला ना मेहुणा असतो ना पियानो. रविवारच्या आत पुरावा आणतो आणि ड्वेनच्या ताटात वाढतो."

"आण की," मार्लिस म्हणाली.

बुधवारी ते शहरात गेले. गाडी मार्लिसने चालवली, कारण हार्लनला सीट मागे पाडून आडवं व्हावं लागायचं. वाटभर तो छताकडे बघत ड्वेनला उत्तरं देत होता.

प्रयोगशाळेतल्या डॉक्टरांचं नाव होतं कॅरिन लिंडक्विस्ट.

"लिंडक्विस्ट म्हणजे स्वीडिश?" हार्लनने विचारलं.

"पणजोबा होते. मी कॅलिफोर्नियात वाढले."

"असू दे," हार्लन मोठ्या मनाने म्हणाला. नॉर्वेजियन वस्तीत स्वीडिश लोकांना नावं ठेवायची जुनी रीत होती.

डॉक्टर त्या दिवशी आधीच वैतागलेल्या होत्या. दुखणाऱ्या प्रत्येक माणसाच्या जोडीला त्यांना त्याच वयाचा एक न दुखणारा माणूस लागायचा, तुलनेसाठी. त्या दिवशी येणारे न दुखणारे गृहस्थ सकाळी बाहेरच्याच बर्फावर घसरून पडले होते आणि आता तेही दुखणाऱ्यांत गेले होते. डॉक्टरांची नजर कोपऱ्यात कोट मांडीवर घेऊन बसलेल्या मार्लिसवर गेली. दुसरं कोणी मिळालं नाही, की जोडीदारालाच तुलनेसाठी घ्यायची तिथे पद्धत होती.

"तुमची पाठ कशी आहे, मार्लिस? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. किती म्हणाल?"

"तक्रार करण्यासारखं काही नाही," मार्लिस म्हणाली.

"छान! म्हणजे शून्य."

मार्लिसने मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच, ते कळायला डॉक्टर इथल्या असायला हव्या होत्या. इथल्या कोणी हे उत्तर ऐकून आधी खुर्ची पुढे सरकवली असती.

"आणि हार्लन, तुम्ही?"

"नऊ," हार्लन म्हणाला. "साडेनऊ लिहा. रविवारी तर बाराच्या पुढे जातं."

दोघांना आखूड चड्ड्या दिल्या. खांदे, कंबर, गुडघे, घोटे, सगळीकडे चकाकणाऱ्या छोट्या गोळ्या चिकटवल्या. खोलीभर कॅमेरे त्या गोळ्यांकडेच बघत होते. मध्ये जमिनीवर चालण्यासाठी एक लांब पट्टा आखलेला होता आणि त्याच्या पोटात पावलाचा भार मोजणारं तबक बसवलेलं.

"आम्ही काय बघतो सांगू?" डॉक्टर म्हणाल्या. "साधा माणूस चालतो तेव्हा खांदे एकीकडे वळतात आणि कंबर दुसरीकडे. फडकं पिळल्यासारखं. पाठ दुखणारा माणूस हे पिळणं बंद करतो. खांदे आणि कंबर एकदमच फिरवतो, फळीसारखे. पावलं आखूड होतात, हात हलेनासे होतात. त्याला स्वतःला ते कळतसुद्धा नाही. अर्थात सगळ्यांच्याच चालीत ते दिसतं असं नाही. दुखणं खरं असूनही..."

"माझ्या दिसेल," हार्लन म्हणाला. पुढचं त्याने ऐकलंच नाही.

तो पट्ट्यावर उतरला. एक हात कमरेवर, दुसरा हवेत, चेहऱ्यावर खाणीत गाडल्या गेलेल्या माणसाचे भाव. प्रत्येक पावलाला तो "आह" म्हणत होता.

"आवाज नाही टिपला जात, हार्लन," डॉक्टर म्हणाल्या. "आणि तुमच्या हाताखाली कमरेची गोळी झाकली जातेय. पुन्हा. आणि खाली त्या तबकाकडे बघून नेम धरू नका. नेहमी चालता तसं चाला."

"मी नेहमी असाच चालतो!"

"नेहमी तू इतका वाकत नाहीस, हार्लन," मार्लिस हळूच म्हणाली.

"तू कोणाच्या बाजूची आहेस?"

दुसऱ्या वेळी तो इतका वाकला की गुडघ्याची गोळी सुटून कपाटाखाली गेली. यंत्राला एका पायाचा माणूस दिसायला लागला आणि ते बंद पडलं. डॉक्टरांनी ते पुन्हा सुरू केलं. तोवर बसून राहायला नको म्हणून मार्लिसला चालवलं. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, परत आली, आणि खुर्चीवर बसली. कोणाला काही सांगावं लागलं नाही. मग पुन्हा हार्लन, मग पुन्हा यंत्र बंद.

"हार्लन," डॉक्टर शेवटी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जरा चढला. "इथे कोणी तुमच्यावर अविश्वास दाखवत नाहीये. कृपा करून नाटक नको."

नाटक! हा शब्द हार्लन ड्वेनकडून ऐकत आला होता. आता तो विज्ञानाच्या तोंडूनही ऐकायचा? त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. संतापाच्या भरात तो वाकायचं विसरला. छाती पुढे, हात पलटणीतल्या जवानासारखे झुलताहेत, टाचा तबकावर आपटताहेत, असा तो पट्टा ओलांडून गेला आणि तसाच परत आला. कॅमेऱ्यांनी इमानेइतबारे सगळं टिपलं. मग त्याने अंगावरच्या गोळ्या केसांसकट उपटून टेबलावर टाकल्या.

थोड्या वेळाने पडद्यावर दोन आकृत्या आल्या. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे ठिपके, दुसरं काही नाही. हार्लन आणि मार्लिसची उंची सारखीच, त्यामुळे आकृत्याही सारख्याच उंचीच्या. पहिलीखाली हार्लनचं नाव होतं. ती झोकात चालत होती, खांदे इकडे, कंबर तिकडे. दुसरी मार्लिसची. ती अख्खीच्या अख्खी एकदम वळत होती, दाराच्या फळीसारखी, आणि आखूड पावलं मोजून मोजून टाकत होती.

"हे काय?" हार्लन ओरडला. "हा माणूस नाचायला निघालाय! हा मी नाही!"

"खाली नाव तर तुमचंच..."

"नावं बदलली तुम्ही! यंत्र बंद पाडलंत, चालू केलंत, मध्येच हिला घुसडलंत. मला वाटलंच होतं. स्वीडिश लोकांच्या हातात काही दिलं की असंच होतं. ही बघा, ही दुसरी! ही माझी पाठ आहे! डोळ्याने दिसतंय!"

डॉक्टरांनी आकृत्यांकडे बघितलं, मग कागदाकडे. साडेनऊ आणि शून्य. यंत्र खरंच दोनदा बंद पडलं होतं, आणि सकाळपासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं.

"पुन्हा एकदा चालता का दोघंही?"

"माझ्या पायावर केस उरले नाहीत!"

"मार्लिस, तुम्हाला काय वाटतं?"

मार्लिसने पडद्याकडे नीट बघितलं. मग नवऱ्याकडे बघितलं. तो लाल झाला होता आणि त्याचा खालचा ओठ थरथरत होता.

"बदलली असतील नावं," ती म्हणाली.

डॉक्टरांनी नावं बदलली. हार्लनच्या हट्टापायी त्याच्या त्या आकृतीची छोटी फिल्मही त्याच्या फोनवर पाठवली. परतीच्या वाटेवर हार्लन सीट सरळ करून बसला होता आणि फोनवर स्वतःची चाल पुन्हा पुन्हा बघत होता. "बघ, बघ, इथे बघ. किती सोसलंय त्या माणसाने," तो म्हणत होता. मार्लिस रस्त्याकडे बघत होती.

रविवारी ड्वेनच्या घरी कॉफी झाली, चौकोनी गोड वड्या झाल्या. शेजारचे दोघे दुपारी येणार होते. ड्वेनने हातमोजे आणि दोर दाराशी काढून ठेवले होते, हार्लनला दिसतील असे. हार्लन उठला, त्याने ड्वेनच्या टीव्हीवरची फुटबॉलची मॅच बंद केली आणि फोन जोडला.

"ए, शेवटचा क्वार्टर आहे!"

"बस खाली," हार्लन म्हणाला. त्याचा आवाज असा होता की ड्वेन खरंच बसला. "तू मला नाटकी म्हणतोस. आळशी म्हणतोस. भर जेवणात सगळ्यांसमोर माझ्या पाठीला डोळे काढलेस. आज तूच डोळे उघड. हे विद्यापीठ आहे. हे कॅमेरे आहेत. हे खोटं बोलत नाही."

टीव्ही मोठा होता. ठिपके जवळजवळ माणसाएवढे झाले. आकृती एका बाजूने आली, सावकाश, ताठ, थोडी डावीकडे झुकून. टोकाला पोचली. वळताना ती कंबर न पिळता सगळीच्या सगळी फिरली, आणि वळण्याआधी एक हात किंचित पुढे झाला, आधाराला काहीतरी शोधावं तसा.

ड्वेन हसला नाही. तो पुढे झुकला.

"हे बघून तुला काय वाटतं?" हार्लनने विजयाने विचारलं. "या माणसाने पियानो उचलायचा?"

"आमची मार्लिस कुठे चाललीये?" बोर्गिल्डने विचारलं.

म्हातारीला आता चेहरे नीट दिसत नव्हते. दारात कोण आलं ते ती चालीवरून ओळखायची.

"तो मी आहे, बोर्गिल्ड," हार्लन मोठ्याने म्हणाला. "मार्लिस तिकडे बसलीये. हे ठिपके म्हणजे मी."

"मला माझी मुलगी कळत नाही? कोपऱ्यावर आली की हात पुढे करते. ती बघ. केला."

आकृतीने हात पुढे केला.

"अरे हो," ड्वेन म्हणाला. "मार्लिसच आहे ही. चर्चच्या पायऱ्या उतरताना अशीच..." तो बोलता बोलता थांबला.

हार्लनने तोंड उघडलं. टीव्हीकडे बघितलं. ती आकृती परत येत होती. हे चालणं त्याने पाहिलं होतं. स्वयंपाकघरातून त्याच्या खुर्चीपर्यंत कॉफीचा मग घेऊन येताना, त्याचे मोजे उचलताना, रोज. फक्त त्या वेळी तो बोलत असायचा.

"मार्लिस," ड्वेन म्हणाला, "तुझी पाठ दुखते?"

"तक्रार करण्यासारखं काही नाही."

"म्हणजे चांगलीच दुखते," बोर्गिल्ड म्हणाली.

हार्लनचा संताप आता कुठे जावा ते त्यालाच कळेना, म्हणून तो बायकोवर गेला. "कधीपासून?"

"शाळेच्या स्वयंपाकघरात होते तेव्हापासून. ती मोठी पातेली होती ना."

"आणि मला सांगितलं नाहीस!"

"कधी सांगणार? तुझं संपायची वाट बघत होते."

"आणि त्या बाईसमोर? मी तिथे गळा फाडून ओरडतोय, नावं बदलली म्हणून, आणि तूही बदलली म्हणतेस! मला वेड्यात काढलंस!"

"तुला तो पुरावा पाहिजे होता, हार्लन," मार्लिस म्हणाली. "मला कुठे काही दाखवायचं होतं कोणाला?"

ड्वेनने दाराशी जाऊन दोर आणि हातमोजे कपाटात टाकले. शहरातून सामान हलवणारी माणसं बोलावतो, म्हणाला, आधीच बोलवायला हवी होती. म्हणजे पियानो टळला. पण हार्लनच्या पाठीमुळे नाही! ती पाठ बिचारी होती तिथेच राहिली, बेवारस. उलट ड्वेन परत येऊन त्याच्यासमोर उभा राहिला.

"तुमच्या दारातला बर्फ कोण उपसतं रे?"

हार्लनने मार्लिसकडे बघितलं.

"यापुढे तू उपसायचा. नावं बदलली म्हणालास ना? मग मार्लिसच्या नावावर गेलेली ती धडधाकट चाल कोणाची, ते आता मला कळलं."

"अरे, पण माझी पाठ खरंच दुखते!" हार्लन कळवळून म्हणाला. "देवाशपथ! तिथे मला राग आला होता म्हणून मी ताठ चाललो! त्या बाईनेच सांगितलं, सगळ्यांच्या चालीत दिसत नाही म्हणून! तुम्ही विचारा तिला!"

ड्वेनने मॅच परत लावली. या वेळी कोणी चेष्टासुद्धा केली नाही, आणि हार्लनला ते जास्त झोंबलं.

घराकडे येताना गाडी त्याने चालवली. मार्लिसची सीट त्याने मागे पाडली, ती नको नको म्हणत असताना. बर्फ पडत होता. त्यांच्या दारापर्यंतची वाट गुडघाभर भरली होती आणि शेजाऱ्यांच्या वाटा मात्र उपसून कडेला सरळ रेघ मारून ठेवलेल्या होत्या. हार्लनने गाडी रस्त्याच्या कडेलाच थांबवली, गॅरेजपाशी जाऊन फावडं हातात घेतलं आणि बर्फाचा पहिलाच भार उचलताना तो अर्ध्यात अडकला.

"आई गं!"

मार्लिस त्याच्यामागोमाग आली होती. आखूड पावलांनी, त्याच्याच खुणांवर पाय ठेवत.

"ते खरं आहे, मार्लिस," तो तसाच वाकून म्हणाला. रागाने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "कोणाला पटो न पटो. माझी खरंच दुखते."

"मला माहितीये."

"तुला काय माहिती? कोणालाच माहिती नाही."

"जिन्यावर तुझा पाय वाजतो ना, त्यावरून कळतं. चांगला दिवस असला की दोन्ही पाय सारखे वाजतात. वाईट असला की उजवा ओढतोस. त्यावरूनच मी शेकायची पिशवी गरम करायला ठेवते. तू दारात यायच्या आत."

हार्लन फावड्याच्या दांड्यावर रेलून हळूहळू सरळ झाला. इतकी वर्षं ती पिशवी बरोबर वेळेवर गरम कशी असते, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. त्याला वाटायचं, ती असतेच.

"ओरडलीस का नाहीस कधी?" तो म्हणाला. "एकदा तरी ओरडायचं!"

मार्लिसने वाटेकडे बघितलं. समोरच्या घरात पडदा सरकला होता आणि मिसेस एंगेब्रेटसन खिडकीत उभ्या होत्या. या रस्त्यावर कधी कोणाची वाट संध्याकाळपर्यंत भरलेली राहिली नव्हती. घरात मयत असली तरी नाही. मार्लिसने हार्लनच्या हातातलं फावडं घेतलं, आणि वाटेच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल असं, बर्फात उभं खोचलं.

"राहू दे," ती म्हणाली. "मला आज पाठ दुखतेय."

मग तिने त्याचा दंड धरला, त्याने तिचा धरला, आणि दोघंही फळीसारखी आत गेली.